परदेशातून मुंबई-दिल्लीमार्गे गोव्याला येताना लाउंज: कुठला मिळतो, कधी मिळतो, कुठल्या कार्डावर मिळतो

चवथ जवळ आली की दुबई, मस्कत, दोह्याला असलेल्या आपल्या लोकांचे मेसेज सुरू होतात, डायरेक्ट गोव्याची फ्लाइट मिळाली नाही किंवा फार महाग होती म्हणून मुंबईवरून घेतली, मध्ये चार-पाच तास आहेत, कार्डावर लाउंज (एअरपोर्टवरची खाण्या-बसण्याची खास जागा) फ्री आहे, उतरल्या उतरल्या जाऊन आडवा होतो. तर उतरल्या उतरल्या तुम्हाला कुठेही आडवं होता येणार नाही. लाउंज मिळतो, पण मधली कामं उरकल्यावर मिळतो, आणि तुम्ही ज्या कार्डाच्या भरवशावर आहात ते तिथे चालेलच असं नाही. बँकेची वेबसाइट एक सांगते, यूट्यूबवाला दुसरं सांगतो आणि काउंटरवरची मुलगी तिसरंच, म्हणून मी स्वतः करतो त्या क्रमाने सगळं लिहून काढतोय. मुंबई धरून लिहिलंय कारण आपले बहुतेक लोक तिथूनच येतात, दिल्ली-बेंगळुरू-हैदराबादला फरक पडतो तिथे सांगतो.

१. आधी हे समजून घ्या: लाउंज पुढच्या फ्लाइटचा असतो

एअरपोर्टवर आंतरराष्ट्रीय डिपार्चरचे लाउंज वेगळे आणि डोमेस्टिक डिपार्चरचे वेगळे, आणि बहुतेक सगळे सिक्युरिटीच्या पलीकडे. तुम्ही दुबईहून मुंबईत उतरलात की तुम्ही अरायव्हलवाले, तुम्हाला इमिग्रेशनकडेच जावं लागतं, आंतरराष्ट्रीय लाउंजच्या मजल्यावर जायचा रस्ताच तुमच्यासाठी उघडा नसतो. म्हणजे ते मोठे, चकचकीत, फोटोत दिसणारे आंतरराष्ट्रीय लाउंज या प्रवासात विसरा. तुम्हाला मिळणार तो डोमेस्टिक लाउंज, आणि तोही इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स, परत बॅग ड्रॉप, परत सिक्युरिटी एवढं सगळं झाल्यावर.

याचा हिशोब बघा. समजा पहाटे ३:१० ला उतरलात आणि गोव्याची फ्लाइट ७:३० ची आहे. विमानातून बाहेर पडून इमिग्रेशन होईपर्यंत ४ वाजतात, बेल्टवर बॅग यायला आणि कस्टम्समधून बाहेर पडायला ४:४०, बॅग परत देऊन सिक्युरिटी होईपर्यंत सहज ५:३०. बोर्डिंग साधारण पाऊण तास आधी सुरू होतं, म्हणजे पावणेसातला निघायला हवं. चार तास वीस मिनिटांच्या लेओव्हरमधले (दोन फ्लाइटमधल्या वेळेतले) हातात राहिले सव्वा तास. एवढ्यात तोंड धुवून, पोहे-इडली खाऊन, चहा पिऊन होतं आणि तेवढ्यासाठी लाउंज मस्तच आहे. तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मात्र लाउंजचा विचारच करू नका, सरळ गेटवर जा.

२. तिकीट काढताना बघायच्या गोष्टी

एक, दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर आहेत का. स्वस्त पडतं म्हणून लोक दुबई-मुंबई वेगळं आणि मुंबई-गोवा वेगळं घेतात. घ्या, पण मग पहिली फ्लाइट लेट झाली आणि दुसरी चुकली तर दुसरी कंपनी काही बांधील नाही. आणि बॅगेचं वजन! गल्फच्या तिकिटावर ३० किलो मिळतात, डोमेस्टिकच्या साध्या तिकिटावर चेक-इनला १५ किलो. एकच पीएनआर असेल तर सहसा आंतरराष्ट्रीय वजन पुढेही चालतं, वेगळ्या तिकिटाला नाही चालत, मग पहाटे पाच वाजता बॅग ड्रॉपवर किलोच्या हिशोबाने पैसे भरा नाहीतर बॅग उघडून खजूर आणि परफ्यूम हातातल्या पिशवीत कोंबा, आणि हातातली पिशवी पण ७ किलोचीच. वेगळं तिकीट घेणार असाल तर जादा वजन आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

दोन, टर्मिनल. मुंबईत आंतरराष्ट्रीय फ्लाइट टी-२ ला उतरते. एअर इंडियाची गोव्याची फ्लाइट टी-२ वरूनच असते, पण इंडिगोच्या काही टी-२ वरून आणि काही टी-१ वरून सुटतात, आणि टी-१ म्हणजे सांताक्रूझकडचं जुनं डोमेस्टिक, मधला रस्ता चार-पाच किलोमीटरचा. त्यात आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, कोड एनएमआय. स्वस्त दिसली म्हणून मुंबईत उतरून नवी मुंबईहून गोव्याची फ्लाइट घेऊ नका, बॅगा घेऊन अख्खं शहर ओलांडायचं आहे ते. बेंगळुरूला आंतरराष्ट्रीय टी-२ ला आणि इंडिगोची डोमेस्टिक टी-१ वरून, पण दोन्ही जवळ आहेत, शटल मिळते. दिल्लीत आंतरराष्ट्रीय टी-३ ला, तिथूनच पुढची फ्लाइट असेल तर सोपं, टी-१ वरून असेल तर ते विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला आहे. हैदराबादला एकच टर्मिनल, माझ्या मते कनेक्शनसाठी सगळ्यात कमी कटकटीचं तेच.

तीन, गोव्यात कुठे उतरणार. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपाचं मनोहर विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तरी अजून लोक बघत नाहीत. पेडणे, म्हापसा, डिचोली, बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपा अगदी दारात, पण मडगाव-काणकोणच्या माणसाने मोपाचं तिकीट काढलं की लाउंजमध्ये फुकट खाल्लेलं सगळं टॅक्सीत वसूल होतं.

३. निघायच्या आधी कार्ड तपासा (सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे)

लोक म्हणतात माझ्या कार्डावर "इंटरनॅशनल लाउंज" आहे आणि मी इंटरनॅशनलवरून येतोय म्हणजे चालेल. नाही. डोमेस्टिक की इंटरनॅशनल हे तुमच्या प्रवासावरून नाही, लाउंज कुठे आहे त्यावरून ठरतं. भारतातल्या डोमेस्टिक टर्मिनलमधला लाउंज म्हणजे डोमेस्टिक कोटा. तुमच्या भारतीय कार्डावर वर्षाला आठ इंटरनॅशनल व्हिजिट असतील आणि डोमेस्टिक शून्य, तर इथे त्या आठचा काही उपयोग नाही.

आता एकेक प्रकार बघू.

भारतीय क्रेडिट कार्ड: यावर डोमेस्टिक व्हिजिट बहुतेक तिमाहीच्या हिशोबाने असतात. २०२४ पासून बऱ्याच बँकांनी खर्चाची अट घातली आहे, म्हणजे मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असेल तरच या तिमाहीत लाउंज. कोणाची अट ३५ हजार, कोणाची ५० हजार, कोणाची त्याहून जास्त. बाहेर राहणाऱ्या माणसाची पंचाईत हीच, की भारतातलं कार्ड वर्षभर कपाटात असतं, त्यावर खर्च शून्य, आणि सुट्टीला येताना ते पाकिटात घालून आणतो. ते कार्ड चालणार नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या कार्डाच्या पानावर जाऊन ताजी अट वाचा, कस्टमर केअरला फोन लावत बसू नका.

दुसरं म्हणजे लाउंजवाले कार्ड मशीनवर स्वाइप करून २ रुपये (काही डेबिट कार्डांवर २५) कापून बघतात. तुम्ही सुरक्षेसाठी अ‍ॅपमधून कार्डाचे मशीनवरचे व्यवहार बंद करून ठेवले असतील तर ते २ रुपयेही जात नाहीत आणि मशीन सरळ नाही म्हणतं, काउंटरवाल्याच्या दृष्टीने तुम्ही अपात्र. एकदा माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ दहा मिनिटं वाद घालत होते, कार्ड एकदम भारीतलं, लाखोंची लिमिट, आणि शेवटी त्यांच्या मुलीने फोन हातात घेऊन अ‍ॅपमध्ये एक बटण डावीकडून उजवीकडे सरकवलं, झालं काम. घरून निघतानाच ते बटण बघून घ्या. मुदत संपलेलं नाही ना हेही.

प्रायॉरिटी पास (जगभरच्या लाउंजमध्ये प्रवेश देणारं सदस्यत्व): याच्यात एक छुपा खड्डा आहे. भारतीय बँकांनी क्रेडिट कार्डासोबत दिलेला प्रायॉरिटी पास बऱ्याचदा फक्त भारताबाहेर फ्री असतो. भारतातल्या लाउंजमध्येही तो स्वीकारतात, हसत हसत आत सोडतात, आणि मग पुढच्या स्टेटमेंटमध्ये साधारण २७ डॉलर अधिक जीएसटी लागून येतो. म्हणजे उपमा आणि दोन कप कॉफीचे अडीच हजारांच्या वर. तेव्हा भारतात डोमेस्टिक लाउंजला पास दाखवू नका, मूळ कार्डच स्वाइप करा.

गल्फमधल्या बँकेचं कार्ड: हे बऱ्याच वेळा सगळ्यात सोपं निघतं, आणि लोक नेमकं हेच वापरत नाहीत कारण भारतात आलो म्हणजे भारतीय कार्ड काढायचं असं डोक्यात असतं. तिथल्या कार्डांवर लाउंजकी, व्हिसाचं एअरपोर्ट कंपॅनियन किंवा मास्टरकार्डचं ट्रॅव्हल पास अशी एखादी लाउंज प्रवेशाची योजना असते. ते तिथलं कार्ड असल्यामुळे भारतातला लाउंज त्यांच्या यादीत असला की झालं, आपल्या बँकांसारखी डोमेस्टिक-इंटरनॅशनल भानगड सहसा नसते. अ‍ॅपमध्ये कार्ड नोंदवून, यादीत मुंबई काढून, टर्मिनल आणि "डोमेस्टिक" हे दोन्ही बघून घ्या. टी-२ मध्ये दोन्ही प्रकारचे लाउंज असल्यामुळे नुसतं टी-२ बघून खूश होऊ नका.

डेबिट कार्ड: रुपे प्लॅटिनम किंवा सिलेक्ट असेल तर तिमाहीला एखादी डोमेस्टिक व्हिजिट मिळू शकते, पण अटी बदलत असतात आणि साध्या रुपेवर काही मिळत नाही. कार्डावर कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा.

आणि जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्स या बँका आणि लाउंजमधल्या मध्यस्थ कंपनीने भारतातली डोमेस्टिक लाउंजची सेवा बंद केली, त्याआधी बहुतेक बँकांचा कारभार त्यांच्यामार्फत चालायचा. त्यानंतर कोणी स्वाइपवर गेलं, कोणी क्यूआर व्हाउचरवर. त्याच्या आधीचं जे काही लिहिलेलं-बोललेलं सापडेल ते इतिहास म्हणून वाचा.

व्हाउचर किंवा क्यूआर काढायचा असेल तर तो निघायच्या आधी काढून स्क्रीनशॉट ठेवा. कारण इथे उतरल्यावर ओटीपी लागतो, ओटीपी भारतीय सिमवर येतो, ते सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद, आणि एअरपोर्टच्या वायफायलाही ओटीपीच लागतो, म्हणजे फिरून तिथेच.

बिझनेस क्लास किंवा एअरलाइनचं स्टेटस: दुबईहून बिझनेसने आलात पण पुढची गोव्याची फ्लाइट इकॉनॉमी असेल तर मागच्या बिझनेसवर इथे सहसा लाउंज मिळत नाही. स्टार अलायन्स या एअरलाइनच्या गटाचे गोल्ड सदस्य असाल आणि पुढची फ्लाइट एअर इंडियाची असेल तर मिळतो, कारण एअर इंडिया २०१४ पासून त्या गटात आहे. इंडिगो अशा कुठल्याच गटात नाही, तिथे कार्डावरच भिस्त.

४. हातातल्या बॅगेत काय हवं

- पासपोर्ट. परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्डसुद्धा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड (आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्टवाले ढिगाने आहेत, ओसीआय चेक-इन बॅगेत टाकून काउंटरवर घाम पुसणारे पाहिलेत मी)
- दोन्ही तिकिटांच्या छापील प्रती, फोन मेल्यावर गेटवरच्या सीआयएसएफ जवानाला दाखवायला
- बॅगेच्या टॅगच्या पावत्या, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या असतात त्याच, फेकू नका
- लाउंजसाठी वापरायचं ते कार्ड, प्रत्यक्ष. फोटो चालत नाही, बायकोचं कार्ड नवऱ्याला चालत नाही, कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच लागतं
- एक शर्ट, टूथब्रश, छोटा टॉवेल. चेक-इन बॅग एकदा परत दिली की ती गोव्यातच दिसते
- पॉवर बँक. हा चेक-इनमध्ये घालायचाच नाही

५. इमिग्रेशन

विमानातून बाहेर पडताना "ट्रान्सफर"च्या पाट्या दिसतात, त्यात आंतरराष्ट्रीय ते आंतरराष्ट्रीयवाल्यांची वेगळी असते, त्या वाटेने जाऊ नका. तुम्हाला सरळ अरायव्हल आणि इमिग्रेशन.

वर्षातून दोनदा जरी येत असाल तरी फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची नोंदणी करून टाका, एफटीआय-टीटीपी म्हणतात ती. जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद वगैरे ठिकाणीही आहे. भारतीय पासपोर्टवाले आणि ओसीआयवाले दोघांनाही करता येते, फी नाही, फॉर्म गृह मंत्रालयाच्या साइटवर भरायचा आणि बोटांचे ठसे व फोटो एकदाच द्यायचे. पहाटे गल्फची चार विमानं एकत्र उतरतात तेव्हा रांग ज्याने पाहिली आहे त्याला याची किंमत सांगायला नको.

६. बॅग मुंबईतच उचलायची, टॅगवर काहीही लिहिलेलं असलं तरी

परदेशातल्या काउंटरवर बॅगेला टॅग लागतो त्यावर मोठ्या अक्षरांत जीओएक्स छापलेलं असतं, खाली छोट्या अक्षरांत बीओएम, म्हणजे मुंबई. काउंटरवरचा माणूसही सांगतो, सामान थेट गोव्याला. त्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे, टॅग शेवटपर्यंतचाच आहे. पण भारतात पहिल्यांदा जिथे उतरता तिथे कस्टम्स होतं, आणि त्यासाठी बॅग तुम्हीच बेल्टवरून उचलून कस्टम्समधून न्यायची असते. न उचलता गेलात तर बॅग मुंबईत बेल्टवर फिरत राहते आणि तुम्ही मोप्याच्या बेल्टसमोर. अपवाद असतात, पण एअरलाइनने तुमच्या फ्लाइटसाठी स्पष्ट सांगितलं असेल तरच धरायचा, नाहीतर बेल्टवर जाऊन उभं राहायचंच.

बेल्टच्या आधी ड्यूटी फ्री लागतं. गोव्याला चाललेल्या माणसाने वाटेत दारू का विकत घ्यावी हा प्रश्न मी विचारून थकलो, पण घेणार असाल तर दोन लिटरची मर्यादा आहे, आणि बाटल्या हातात घेऊन पुढच्या सिक्युरिटीला जाऊ नका. बॅग हातात आलीच आहे, बाजूला घ्या, सीलबंद बाटल्या कपड्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत घाला, मगच ती परत द्या. हीच वेळ पॉवर बँक आणि तो शर्ट बाहेर काढायची.

७. कस्टम्सनंतर बॅग परत द्या, आणि घाई करा

जाहीर करण्यासारखं काही नसेल तर ग्रीन चॅनल. सोन्याच्या बाबतीत हुशारी नको.

कस्टम्सच्या बाहेर पडल्यावर लगेच रिक्षा-टॅक्सीच्या दिशेने गर्दी वळते, तिच्याबरोबर वाहत जाऊ नका. टी-२ वरूनच पुढची फ्लाइट आणि एकच पीएनआर असेल तर डोमेस्टिक ट्रान्सफरच्या पाट्या बघत जा, तिथे एअरलाइनचं काउंटर असतं, बॅग तिथेच द्यायची आणि लिफ्टने वर सिक्युरिटीला. वेगळं तिकीट असेल तर बहुधा डिपार्चरच्या मजल्यावर जाऊन नेहमीसारखं दारावर तिकीट-ओळखपत्र दाखवून आत शिरायचं.

टी-१ ला जायचं असेल तर टर्मिनल बदलायची बस कुठे मिळते ते हेल्प डेस्कवर विचारा, नाहीतर टॅक्सी. रात्री रस्ता मोकळा असतो, संध्याकाळी सहाला याच चार-पाच किलोमीटरला देव आठवतो. पाऊण तास हाताशी ठेवा.

बॅग ड्रॉप डोमेस्टिकला साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, तो वेळ सगळ्यात आधी सांभाळा. आणि उलटंही आहे, लेओव्हर सात-आठ तासांचा असेल तर काउंटरवाले एवढ्या लवकर बॅग घेत नाहीत आणि मग बॅगेसकट बाहेर बसून राहावं लागतं, लाउंज आत आणि तुम्ही बाहेर. तेवढा मोठा लेओव्हर असेल तर तासांवर मिळणारी ट्रान्झिट हॉटेलची खोली जास्त कामाची.

परदेशात दोन्ही बोर्डिंग पास मिळाले असले तरी बॅग देताना डोमेस्टिकचा नवीन छापून मागा. परदेशी एअरलाइनने दिलेला पास इथल्या स्कॅनरवर कधी कधी वाचला जात नाही.

८. सिक्युरिटी आणि लाउंजचं काउंटर

डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) असेल तर दारावरचा वेळ वाचतो, पण त्याला आधार लागतं आणि बोर्डिंग पास आधी अ‍ॅपमध्ये टाकावा लागतो, कनेक्शनच्या गडबडीत नाही जमलं तर सोडून द्या.

सिक्युरिटी झाली की आधी बोर्डवर गेट नंबर बघा, मग लाउंज शोधा. काउंटरवर बोलताना कार्ड पुढे करून "हे चालतं का" असं विचारू नका, तिथल्या मुलीला हो-नाही एवढंच सांगता येतं. विचारा, "या कार्डावर आज फ्री आहे की चार्ज लागेल?" आणि मशीनवर किती रुपये टाकले ते बघूनच पिन मारा. २ किंवा २५ रुपये असतील तर बरोबर. आकडा हजारात असेल तर ती तुमच्याकडून पैसे घेऊन आत सोडतेय.

सोबत घरचे असतील तर तुमच्या कार्डावर तुम्ही एकटेच जाता, पाहुणा फ्री असणारी कार्डं थोडी. दोन वर्षांखालच्या बाळाचे सहसा पैसे घेत नाहीत, मोठ्या मुलाचे घेतात. बायकोच्या नावावर तिचं वेगळं कार्ड किंवा अ‍ॅड-ऑन असेल तर ते सोबत आणा. चौघांच्या कुटुंबात एकच कार्ड असेल तर मी म्हणेन लाउंजचा नाद सोडा, एकाने आत जाऊन तिघांना बाहेर बसवण्यात काही मजा नाही.

पहाटे पाच ते आठ लाउंजबाहेर रांग असते, कधी कधी भरला म्हणून थांबवतातही. पंधरा मिनिटांत नंबर लागत नसेल तर निघा.

९. आत गेल्यावर

बसायला साधारण दोन ते तीन तास देतात. शॉवर सगळीकडे नसतो, असला तरी नाव लावावं लागतं, तेव्हा आत शिरताच पहिला प्रश्न शॉवरचा, नंतर खाणं. पहाटे पोहे, उपमा, इडली-वडा असलं काही असतं, गरम ट्रे बाहेर आला की घ्यायचं, तळाशी राहिलेला उपमा दगड झालेला असतो. दारू बहुतेक वेळा मर्यादित किंवा वेगळ्या पैशांची, आणि पहाटे पाचला तसंही काय.

सगळ्यात महत्त्वाचं, फ्लाइटची घोषणा होईल म्हणून वाट बघू नका. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू ही सायलेंट एअरपोर्ट आहेत, तुमच्या नावाने कोणी ओरडत नाही. गेट बदलला तरी फक्त बोर्डवर बदलतो. गेट उड्डाणाच्या २५ मिनिटं आधी बंद होतं आणि रात्रभर न झोपलेला माणूस लाउंजच्या खुर्चीत दोन मिनिटांत घोरायला लागतो, तेव्हा फोनवर अलार्म लावूनच टेका. टी-२ लांबलचक आहे, शेवटच्या गेटपर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं सहज.

१०. लाउंज मिळालाच नाही तर

पैसे देऊन आत जाता येतं, माणशी हजाराच्या वर धरून चला. तासभरासाठी हे मला पटत नाही, त्यात फूड कोर्टला दोघांचं पोटभर होतं. शॉवर हवा असेल किंवा सोबत म्हातारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. वयस्कर आईवडील एकटे येत असतील तर लाउंजपेक्षा तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, ती इमिग्रेशनपासून बॅग ड्रॉप आणि पुढच्या गेटपर्यंत माणसासकट मिळते, त्यांचा अर्धा ताण तिथेच जातो.

११. परत जाताना गणित उलटं होतं

गोवा-मुंबई-दुबई असं एकाच पीएनआरवर जाताना बॅग सहसा गोव्यातून थेट शेवटपर्यंत जाते, मध्ये उचलावी लागत नाही (काउंटरवर तरी विचारून घ्या). इमिग्रेशन मुंबईत होतं. म्हणजे गोव्यात डोमेस्टिक कोट्यावर एक लाउंज आणि मुंबईत इमिग्रेशननंतर आंतरराष्ट्रीय लाउंज, दोन्ही मिळू शकतात, आणि येताना जो इंटरनॅशनल कोटा कामाचा नव्हता तो इथे लागतो. प्रायॉरिटी पासचं मात्र तेच, मुंबईचा आंतरराष्ट्रीय लाउंजही भारतातच आहे, चार्ज लागतो का ते आधी बघा.

परतीच्या बॅगेत आईने कोकम, सुके बांगडे, लोणचं काय हवं ते भरू दे, फक्त सुकं खोबरं काढून ठेवा, तेलामुळे ते ज्वलनशील धरतात आणि चेक-इनमध्ये सापडलं तर बॅग उघडायला बोलावतात. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय सिक्युरिटीला १०० मिलीचा नियम लागतो आणि लोणचं द्रवातच मोजतात.